मुलीला जिम्नॅस्टिक्सला घालताय? आधी हॉल पाहा, मग फी भरा

मोरा, उरण, पनवेल या पट्ट्यातल्या वस्त्यांत आरोग्याच्या बैठका घेताना आम्हाला ताप, लसीकरण, बाळंतपण याविषयीचे प्रश्न सवयीचे आहेत. अलीकडे एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. "ताई, पोर मोबाईलवर बघून घरात कोलांट्या मारते. तिला जिम्नॅस्टिक्सला घालावं का? घालायचं तर कुठं?"

हा प्रश्न आला याचा आम्हाला आनंद आहे. आपल्या मुलींनी अंग लवचीक करावे, उंच उडी घ्यावी, मैदानात नाव काढावे. पण जिम्नॅस्टिक्स हा लहान वयात सुरू होणारा, अंगावर भार टाकणारा आणि मुलांना तासन्‌तास दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागणारा खेळ आहे. म्हणून क्लास निवडणे हा नुसता फीचा प्रश्न राहत नाही, तो मुलाच्या हाडांचा, रक्ताचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न होतो. आम्ही खेळाचे प्रशिक्षक नाही. नर्सिंग शिकलेल्या माणसांनी हे पाहावे कसे, तेवढेच येथे सांगतो.

खेळ कोणता ते आधी समजून घ्या

जिम्नॅस्टिक्स म्हणून एकच खेळ नाही. ऑलिंपिकमध्ये दिसणारे तीन प्रकार आहेत.

आर्टिस्टिक प्रकारात मुलींसाठी चार साधने असतात: व्हॉल्ट, दोन उंचीचे बार, बीम आणि फ्लोअर. मुलांसाठी सहा असतात. स्पर्धेतला बीम जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि फक्त १० सेंटीमीटर रुंद असतो. रिदमिक प्रकारात चेंडू, रिंग, रिबन, क्लब अशी साधने हातात घेऊन संगीतावर हालचाली करायच्या असतात. तिसरा प्रकार ट्रॅम्पोलिन, म्हणजे ताणलेल्या जाळीवरच्या उड्या.

तुमच्या जवळचा क्लास यांतला कोणता प्रकार शिकवतो ते पहिल्याच दिवशी विचारा. पुष्कळ ठिकाणी बाहेर "जिम्नॅस्टिक्स" अशी पाटी असते आणि आत नाच, योगासने आणि थोड्या कोलांट्या असतात. तेही वाईट नाही, पण फी कशाची भरतो ते कळले पाहिजे. आपल्या भागातले उदाहरण हवे तर ठाण्याच्या संयुक्ता काळेचे घ्या. जून २०२२ मध्ये पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत तिने रिदमिक जिम्नॅस्टिक्सची पाच सुवर्णपदके महाराष्ट्राला मिळवून दिली.

वयाची घाई नको

"उशीर झाला तर हाड कडक होईल" असे सांगून चार वर्षांच्या मुलाला रोज तीन तास बोलावणारे भेटतात. त्यांचे ऐकू नका. पाच-सहा वर्षांपर्यंत मुलाने धावावे, लोळावे, लोंबकळावे, तोल सांभाळायला शिकावे. आठवड्यातून दोन दिवस, तासभर, खेळत खेळत, एवढे पुरे.

१९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीने पूर्ण १० गुण मिळवले तेव्हा ती १४ वर्षांची होती. पुढे लहान मुलींच्या शरीरावर येणारा ताण पाहून नियम बदलत गेले आणि आज आंतरराष्ट्रीय वरिष्ठ स्पर्धेसाठी मुलीला त्या वर्षी १६ पूर्ण व्हावी लागतात. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना तर टोकियो ऑलिंपिकमध्ये ४६ व्या वर्षी खेळली. म्हणजे आठव्या वर्षी पदक आले नाही म्हणून काही बुडत नाही.

आपली दीपा कर्माकर त्रिपुरातल्या अगरताळ्याची. सहाव्या वर्षी तिने सुरुवात केली. तिचे तळपाय सपाट होते, जे या खेळात अडचणीचे मानतात. तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी वर्षानुवर्षे त्यावर काम केले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती व्हॉल्टमध्ये चौथी आली. कांस्यपदक केवळ ०.१५ गुणांनी हुकले. त्याच दीपाला पुढच्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा: छोट्या गावातून तिथवर जाता येते, आणि शरीर त्याची किंमतही मागते.

किती तास सराव चालेल, याचा एक सोपा अंदाज खेळाचे डॉक्टर सांगतात. आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत. आठ वर्षांच्या मुलीला आठवड्याला आठ तासांपर्यंत. आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण विश्रांती हवी. वर्षातून काही आठवडे हा खेळ बंद ठेवून मुलाला दुसरे काही खेळू द्यावे.

प्रवासही सरावात धरा

मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते, पण ओहोटीला गाळामुळे ती थांबते, पावसाळ्यात तिचा भरवसा नसतो. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आली, त्यामुळे नवी मुंबई जवळ झाली. तरीही शाळा सुटल्यावर रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा करून मूल हॉलवर पोहोचले तर ते थकलेले असते. थकलेल्या मुलाचा हात निसटतो. जाण्यायेण्यात दोन तास जात असतील तर रोजचा क्लास घेऊ नका, आठवड्यातून दोन-तीन दिवसांचा घ्या. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री नऊ ते बारा तास झोप लागते. त्या झोपेतून तास कापून खेळाला देऊ नका.

हॉलमध्ये काय पाहायचे

फी भरण्यापूर्वी पूर्ण एक क्लास बसून पाहा. "पालकांना आत परवानगी नाही" असे कुठे सांगत असतील, तर तिथूनच परत फिरा. रोज पालकांची गर्दी नको हे आम्हाला पटते, पण कधीच पाहू देणार नाही, हे पटणारे नाही.

बसल्यावर या गोष्टी पाहा:

१. उतरण्याच्या जागी जाड गादी आहे का? गाद्या एकमेकींना चिकटून आहेत का? दोन गाद्यांच्या फटीत पाय अडकला की घोटा मोडतो. नुसती सतरंजी किंवा घरातली फोमची गादी चालत नाही.

२. नवीन मुलांना आधी जमिनीवरच्या रेषेवर चालवतात, मग बुटक्या बीमवर, मग उंच बीमवर, असा क्रम आहे का? की पहिल्याच महिन्यात उंचावर चढवतात?

३. बार, दोर, साखळ्या, बोल्ट कोणी तपासते का? खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, हे बंदराजवळच्या माणसांना सांगायला नको.

४. एका प्रशिक्षकाकडे किती मुले आहेत? लहान मुलांच्या गटात आठ-दहापेक्षा जास्त मुले एकाच्या हाती असतील तर कोणीतरी नजरेआड होणारच.

५. सुरुवातीला अंग गरम करण्याचे व्यायाम किमान दहा-पंधरा मिनिटे होतात का?

६. पिण्याचे पाणी, मुलींसाठी कडी असलेले शौचालय, कपडे बदलायला आडोसा आहे का?

७. प्रथमोपचाराची पेटी भिंतीवर आहे का, आणि उघडल्यावर आत काही आहे का? जवळचे रुग्णालय कोणते आणि १०८ ला फोन कोण करणार, हे तिथल्या माणसाला पटकन सांगता येते का?

८. मूल पडल्यावर काय होते? सर धावत जातात, की "उठ, नाटक करू नको" म्हणतात? या एका गोष्टीवरून निम्मा क्लास कळतो.

सरांना, मॅडमना विचारायचे प्रश्न

विचारायला लाजू नका. आपण कमी शिकलेले आहोत म्हणून प्रश्न विचारू नयेत, असे कोणत्याही कायद्यात नाही.

"आपले प्रशिक्षण कुठे झाले?" पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा जिम्नॅस्टिक्सचा अभ्यासक्रम केलेला प्रशिक्षक असेल तर उत्तम. शारीरिक शिक्षणाची पदवी असेल तर तिच्यासोबत या खेळाचे वेगळे शिक्षण घेतले आहे का, ते विचारा. स्वतः खेळाडू असणे आणि लहान मुलांना शिकवता येणे यांत फरक आहे.

"क्लास जिल्हा संघटनेशी जोडलेला आहे का? मुले कोणत्या स्पर्धांना जातात?" शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. रायगडचे जिल्हा क्रीडा संकुल अलिबागजवळ नेहुलीला आहे. तिथे चौकशी केली की कोणता क्लास खरा आहे, कोणाची मुले स्पर्धेत दिसतात, ते कळते.

"गेल्या वर्षी किती मुलांना मोठी दुखापत झाली?" एकही नाही, असे उत्तर आले तर जरा सावध व्हा. चांगला प्रशिक्षक सांगेल: एकाचे मनगट दुखावले, दोन महिने विश्रांती दिली, आता तो खेळतो.

आधार देणारा हात आणि वाईट हात

या खेळात प्रशिक्षकाला मुलाला हात लावावा लागतो. कोलांटी शिकवताना कमरेला, पाठीला, मांडीला आधार द्यावा लागतो, नाहीतर मान मोडेल. म्हणूनच वाईट हेतूचा माणूस येथे सहज लपतो.

अमेरिकेत लॅरी नासर हा जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर अनेक वर्षे उपचाराच्या नावाखाली मुलींवर लैंगिक अत्याचार करत होता. जानेवारी २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयात दीडशेहून अधिक जणींनी आपली कहाणी सांगितली. ऑलिंपिक विजेती सिमोन बाइल्स ही त्याच्या अत्याचाराची बळी ठरलेल्यांपैकी एक. मुलींनी आधी सांगितले नव्हते असे नाही. सांगितले होते, पण मोठ्यांनी ऐकले नाही. एवढ्या श्रीमंत देशात हे झाले, तर आपण डोळे मिटून कसे बसायचे?

म्हणून हे नियम घरात आणि क्लासमध्ये पक्के करा. आधार द्यायचा तो सर्वांसमोर आणि आधी सांगून द्यायचा. बंद खोलीत एकट्या मुलासोबत कोणीही थांबायचे नाही. मालीश, पट्टी, तपासणी आई किंवा बाबा समोर असल्याशिवाय नाही. सरांनी मुलाला वेगळे मेसेज पाठवायचे नाहीत, पालकांच्या ग्रुपवरच लिहायचे. बाहेरगावी स्पर्धेला मुली जाणार असतील तर सोबत बाई हवी आणि मुक्काम कुठे ते लेखी हवे.

मुलीला आणि मुलालाही शब्द देऊन ठेवा: "तुला नको वाटलं तर नाही म्हण. घरी सांग. आम्ही तुझ्यावर ओरडणार नाही, खेळही लगेच बंद करणार नाही." खेळ बंद होईल या भीतीने मुले गप्प बसतात. काही घडल्याचा संशय आला तर १०९८ या चाइल्डलाइनवर किंवा ११२ वर फोन करा. २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालील मुलगी आणि मुलगा दोघांनाही लागू आहे, आणि माहिती असून न कळवणे हाही त्यात गुन्हा आहे. "समाजात बदनामी होईल" म्हणून मिटवामिटवी केली तर पुढच्या घरातले मूल त्याच माणसाच्या हाती जाते.

कोणते दुखणे दुर्लक्षू नये

मुलांच्या हाडांच्या टोकाजवळ मऊ कूर्चेची पट्टी असते. तिथून हाड वाढते. मोठ्यांना जिथे स्नायू ताणतो, तिथे मुलांना ही पट्टी दुखावते. ती बिघडली तर हाड आखूड किंवा वाकडे वाढू शकते.

मनगट: मूल हातावर उभे राहते तेव्हा पूर्ण अंगाचा भार मनगटावर येतो. न पडताही मनगट दुखत असेल, हात मागे वाकवून जमिनीवर टेकला की कळ येत असेल, तर सराव थांबवून एक्स-रे काढा.

कंबर: सारखे मागे वाकल्याने मणक्याच्या हाडाला बारीक चीर पडू शकते. मुलाची कंबर दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखणे ही साधी गोष्ट नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

टाच: आठ ते तेरा वर्षांत उड्यांमुळे टाच दुखते. बहुतेकदा विश्रांतीने बरी होते.

डोके आणि मान: डोक्यावर पडल्यानंतर उलटी, गुंगी, डोकेदुखी, अडखळते बोलणे यांतले काहीही दिसले तर लगेच रुग्णालय. मान दुखते म्हणत असेल, हातपाय बधिर वाटत असतील तर मुलाला उचलू नका, बसवू नका, १०८ बोलवा.

सुजलेल्या सांध्याला चोळायचे नाही, हाड बसवणाऱ्याकडे न्यायचे नाही. कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, सांध्याला आधार, आणि डॉक्टर. दुखणे दाबणारी गोळी देऊन स्पर्धेत उतरवणारा प्रशिक्षक असेल तर त्याच दिवशी मूल घरी आणा. पाय फाकवून बसवून वरून कोणी दाब देत असेल, मूल रडत असेल, तर ते शिक्षण नव्हे. ताण जाणवावा, कळ येऊ नये.

पोटात घास, अंगात रक्त

"वजन कमी कर" हा शब्द लहान मुलीच्या कानावर पडता कामा नये. ब्रिटनमध्ये जून २०२२ मध्ये आलेल्या व्हाइट अहवालात मुलींना वजनावरून टोचून बोलणे, उपाशी ठेवणे, दुखापतीत खेळवणे असे प्रकार नोंदवले गेले. आपल्या वस्तीत तर आधीच घास कमी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ नुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ६९ टक्के आणि १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी सुमारे ५४ टक्के रक्तक्षयाच्या आहेत.

म्हणून क्लासला घालण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. सरकारी दवाखान्यात होते. ५ ते ११ वर्षांच्या मुलाचे ११.५ पेक्षा आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलाचे १२ पेक्षा कमी असेल तर आधी उपचार. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी चुकवू नका.

खेळणाऱ्या मुलासाठी महागडी पावडर लागत नाही. भाकरी, डाळ, अंडे, चवळी, शेंगदाणे, नाचणी, केळे, आणि आपल्याकडची सुकट, जवळा, बोंबील. वर लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागते. जेवणासोबत चहा नको. सरावाआधी तासभर काहीतरी खाल्लेले हवे.

मुलीला पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा येऊन तीन महिने थांबली, तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडू नका. खाणे कमी आणि श्रम जास्त झाल्याची ती खूण असू शकते. अशाने हाडे ठिसूळ होतात.

एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवावी. विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांत आणि आदिवासींत सिकलसेल आढळतो. पनवेल-उरणकडे कामाला आलेली विदर्भातली घरे पुष्कळ आहेत. अशा घरातल्या मुलाची सिकलसेलची तपासणी करून घ्या. मूल नुसते वाहक असेल तर खेळू शकते, पण भरपूर पाणी, मध्ये मध्ये विश्रांती आणि उन्हात सराव नाही, हे सरांना लेखी सांगा. सिकलसेलचा आजार असेल तर डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय स्पर्धेचा सराव नको.

मुलाला मान मिळतो का?

पळवणकर बाळू हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे मोठे गोलंदाज. चर्मकार समाजातले. मैदानावर त्यांचा चेंडू हवा होता, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळायचा. आज कोणी वेगळे भांडे ठेवत नसेल, पण नजर ठेवा. नाव सांगितल्यावर आडनाव आणि वस्ती विचारून चेहरा बदलतो का? गाद्या उचलायला, झाडायला नेहमी ठरावीक मुलांनाच सांगतात का? फाटका टी-शर्ट पाहून मागच्या रांगेत उभे करतात का? मूल "मला जायचं नाही" म्हणते तेव्हा आळस समजू नका, कारण विचारा.

पैसा आणि प्रमाणपत्र

महिन्याची फी, ड्रेस, स्पर्धेचा प्रवेश, प्रवास, मुक्काम, सगळा वर्षाचा खर्च कागदावर मागा. मूल मध्येच सोडले तर पैसे परत मिळतात का, तेही लिहून घ्या. यासाठी कर्ज काढू नका, बचत गटाचे पैसे यात घालू नका.

दहावी-बारावीला खेळाडूंना जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण मिळतात, राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण ते ठरावीक खेळ, ठरावीक स्तर आणि खऱ्या प्रमाणपत्रालाच. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाली आहेत. "इतके भरा, राष्ट्रीय प्रमाणपत्र देतो" म्हणणाऱ्याकडून कागद घेतला तर पुढे पडताळणीत नोकरी जाते आणि गुन्हाही दाखल होतो.

जवळ हॉल नसेल तर

मल्लखांबाचा विचार करा. तोल, ताकद, लवचीकपणा, उलटे होण्याची भीती जाणे, सगळे त्यात येते. साधन कमी लागते: पुरलेला खांब किंवा टांगता दोर, आणि खाली गादी. मुली दोरीच्या मल्लखांबावर उत्तम काम करतात. दादरच्या शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलांनाही तो शिकवला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हिमानी परब हिला २०२१ चा अर्जुन पुरस्कार मल्लखांबासाठीच मिळाला. खेलो इंडियातही हा खेळ आहे. वस्तीतल्या दहा-बारा घरांनी मिळून शाळेकडे किंवा नगरपालिकेकडे मल्लखांबाची मागणी करावी. एकट्या आईचा अर्ज फायलीत पडून राहतो, बाराजणींचा अर्ज वाचावा लागतो.

हे पान वाचता न येणाऱ्या शेजारणीला वाचून दाखवा. येत्या रविवारी क्लास पाहायला जाणार असाल तर हॉलमध्ये पाहायच्या आठ गोष्टी वहीत उतरवून सोबत न्या. एकटीने जाऊ नका, दोघी-तिघी जा. परत येताना मुलीला विचारा, "तुला तिथं कसं वाटलं?" आणि तिचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या.